तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं

३० नोव्हेंबर, रविवार

स्नेहलचं लग्न ठरलं. आठ फेब्रुवारी, दुपारी बारा चाळीसचा मुहूर्त, बोईसरचा हॉल. नवरा मुलगा प्रणव, शिरगावचा. उंच आहे. दुसरा दोष सापडला नाही.

सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. वही ह्यांची. हे डायमेकर होते, म्हणजे डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्यांचे ठसे कोरायचे. वहीच्या पहिल्या बारा पानांवर ह्यांनी काढलेल्या कोयऱ्या आणि मोर आहेत. पुढची पानं चार वर्षं कोरी पडली होती. फुकट कशाला घालवायची.

ठराव: लग्नातलं होईल तेवढं हाताने करायचं. स्नेहल त्याला हॅण्डमेड म्हणते. माझ्या माहेरी घिवलीला त्याला 'दुसरं काय करणार' म्हणायचे.

दुसरा ठराव: रडायचं नाही.

तिसरा ठराव: कोणाचा हेवा करायचा नाही. हा लिहायची गरज नव्हती, माझ्या स्वभावातच ते नाही. ओळ रिकामी होती म्हणून लिहिला.

पेढे घेऊन धाकट्या दिरांकडे गेले. जाऊ विजया नवीन हिरव्या बांगड्या भरून बसली होती. कोपरापर्यंत. लग्न माझ्या मुलीचं.

२ डिसेंबर, मंगळवार

जेवताना स्नेहल म्हणाली, आई, कन्यादानाला तूच बस. एकटी बसलीस तरी चालतं, मी गुरुजींना विचारून ठेवलंय.

मी म्हटलं, छे, मी कशी बसणार, लोक काय म्हणतील. पुंडलिकभावजी आणि विजया बसतील.

लोकांची मला पर्वा नाही. चौथीत शाळा सुटली, पण पुढे चिंचणीच्या वाचनालयातली दोन कपाटं मी स्वतःच्या हिमतीवर वाचून संपवली. पुस्तकांतल्या विधवा सरळ जाऊन पाटावर बसतात आणि एक म्हातारा उठून त्यांची बाजू घेतो. पण पुस्तकातल्या माणसांना नंतर गावात राहायचं नसतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारी बाई हावरी दिसते. म्हणून पहिल्यांदा 'छे' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'नको गं', आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'एवढं म्हणताय तर' म्हणून बसायचं.

हे मला सगळं तीनदा विचारायचे. चहा घेतेस? घे की. अगं घे, निवतोय. चोवीस वर्षांत एकदाही दोनावर थांबले नाहीत.

एक झालं. दोन बाकी.

७ डिसेंबर, रविवार

भावजी आणि विजया याद्या करायला आले. चहा होईपर्यंत विजया म्हणाली, 'वयनी, कन्यादानाला तुमीच बसा. माजे गुडगे पाटावर बसले का उठत नाय.'

मी म्हटलं, नको गं, तुम्ही जोडीने बसा, शोभून दिसेल. 'जोडीने' हा शब्द मी अगदी सहज म्हटला. पेला हातातून पडला तो ओला होता म्हणून.

दोन झाले. आता कोणीही एकदा विचारलं की काम झालं. दोन महिने आहेत.

निघताना विजयाला ओट्याच्या तीन पायऱ्या उतरायला भावजींनी हात दिला. मी त्या तीन पायऱ्या रोज भरलेली बादली घेऊन उतरते. हा हेवा नव्हे. निरीक्षण आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पालघरला जाऊन फोटोग्राफर पाहिला. निमेश. माझ्या मनात पहिल्यापासून तोच आहे, आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी विजयाच्या धर्मेशचं लग्न झालं तेव्हा सगळं घर फोटोला उभं राहिलं आणि मी मागे खांबाशी होते. निमेशने सगळ्यांना थांबवलं. काकू, आत या. काकू, तुम्हीच. अहो काकू, तुम्ही आल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. मोजून तीनदा. हे गेल्यानंतरचा माझा तेवढा एकच फोटो आहे. डोळे मिटलेत, पण मी आहे.

असा माणूस पाहिजे. लग्नात समजा तिसऱ्यांदा विचारायचं घरचे विसरले, तर हा विसरणार नाही. त्याला तारीख सांगून आले. पक्कं कळवते म्हटलं.

१४ डिसेंबर, रविवार

स्नेहलला बोईसरचा भाग्येश हवा आहे. तो कॅन्डिड काढतो. कॅन्डिड म्हणजे फोटोग्राफर कोणाला काही सांगत नाही. इकडे बघा नाही, हसा नाही, आत या नाही. जो जिथे जसा असेल तसा. मी म्हटलं, मग तो आणि भिंतीवरची पाल यांत फरक काय? ती पण बघतच असते.

त्याने काढलेले फोटो मोबाइलवर दाखवले. एका फोटोत नवरी जांभई देते आहे. स्नेहल म्हणाली, किती खरं आहे ना!

ठाम सांगितलं. निमेशच. आपल्या घरात फोटोग्राफर आई ठरवते, हा नियम मी तिथल्या तिथे केला.

१७ डिसेंबर, बुधवार

विजया चिकू घेऊन आली. वाडीतले, मोठे. आमच्या झाडाला यंदा लिंबाएवढे आलेत.

म्हणाली, 'निमेशला घेताय ता बेस झाला वयनी. आमच्या धर्मेशच्या लग्नात मीच त्याच्या कानात सांगलेला, त्या खांबापाशी आमच्या वयनी हायत, त्यांना घेतल्याबिगर सोडू नको. तीनदा सांगल्याबिगर हलायच्या नाय त्या.' आणि हसली. मला वाटलं चिकू तिच्याच टोपलीत परत ठेवावेत. दोन खाल्ले.

म्हणजे त्या तीनही हाका विजयाच्या होत्या.

ती गेल्यावर कपाटातून फोटो काढून पाहिला. मागे विजयाचा हात दिसतो. माझ्या खांद्यावर आहे. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी स्नेहल कामावरून आल्यावर सांगितलं, भाग्येशला पक्कं कर. ती म्हणाली, अगं अचानक काय झालं? म्हटलं, मला खरेपणा आवडतो. आग्रह करून काढलेल्या फोटोत काय अर्थ.

रागाच्या भरात घेतलेला निर्णय नाही. रागाच्या भरात असते तर स्वयंपाक करपला असता. डाळ तेवढी करपली.

२८ डिसेंबर, रविवार

हॅण्डमेड सुरू. शिंदीच्या पानांचे पोपट. लहानपणी घिवलीला आम्ही मुली करायचो, बोटं विसरलेली नाहीत. मांडवाला एकशे एक्कावन्न टांगायचे. विजयाने धर्मेशच्या लग्नात कापडी फुलं भाड्याने आणली होती. कोणी काही बोललं नव्हतं. मीही बोलले नव्हते.

आज बावीस झाले. हिरवेगार, चोच उघडी. वेळेआधी पूर्ण करून ठेवणार. शेवटच्या दिवसांत धावपळ करणाऱ्यांतली मी नाही.

स्नेहल आणि प्रणव शिरगावच्या किल्ल्यावर फोटो काढायला गेले होते. भाग्येशने वर ड्रोन उडवला. स्नेहल म्हणाली, त्यात आपण मुंग्यांएवढे दिसतो. कन्यादानाबद्दल काही बोलली नाही. बोलेल.

११ जानेवारी, रविवार

पोपट एकशे एक्कावन्न पूर्ण. महिना आधी! ओटीवर दोरीला टांगलेत.

तिसऱ्या विचारण्याला थोडी वाट मोकळी करून द्यावी म्हणून भावजींना चहाला बोलावलं. एकट्यांना. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, कन्यादानाला पाट किती लागतील हो? ते म्हणाले, 'दोन. आमच्या घरातनं आनतो.' मी म्हटलं, कोण बसणार त्यावर मापाने घ्यायला हवेत. ते म्हणाले, 'पाटाला कसला माप वयनी? बसला की बसला.'

भावजी भले आहेत. ह्यांचे सख्खे भाऊ आहेत. पण ह्यांना सूचक बोलणं कळायचं.

१८ जानेवारी, रविवार

पोपट वाळले. एका आठवड्यात सगळे तपकिरी झाले आणि आकसून वाकडे झाले. चोच कुठली, शेपूट कुठलं, कळेना. लहानपणी आम्ही केलेले पोपट संध्याकाळपर्यंत फेकून द्यायचो, म्हणून हे पाहिलं नव्हतं.

विजया दारातूनच म्हणाली, 'अगो बाय! वयनी, लग्नात बोंबील कवापासून टांगाला लागले?' स्नेहल हसली. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसल्या. मुलगी माझी, खांदा तिचा.

मी म्हटलं, हा नैसर्गिक रंग आहे, हल्ली शहरात हाच चालतो.

विजया गेल्यावर मी दोरी सोडवत होते तेव्हा स्नेहल मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, एक विचारू? कन्यादानाला तुला खरंच नाही बसायचं? मी म्हटलं, तुझ्या काकूलाच बसव, तिला सगळं छान जमतं. तीच शोभेल.

स्नेहल आत गेली. पोपट गोणीत भरले.

२० जानेवारी, मंगळवार

दोन दिवस विचार केला. परवाचं विचारणं तिसरं धरायचं का?

धरता येत नाही. एक तर मी स्टुलावर उभी होते. दुसरं, मी रागात होते, आणि रागात दिलेला नकार नकारांत मोजत नाहीत. ताटात वाढताना भांडण झालं तर आग्रह पुन्हा पहिल्यापासून करतात, तसंच हे. म्हणजे तिसरं अजून यायचं आहे. पुन्हा पहिल्यापासून मोजलं तर तीन यायचे आहेत, पण तेवढं मी ताणणार नाही.

बोईसरला जाऊन साडी घेतली. मोरपिशी, जरीचे काठ. घरात पांढरट रंगाची ठेवणीतली आहे, लग्नात तीच नेसणार. ही फक्त ऐन वेळी बसावं लागलं तर. दुकानदार म्हणाला, 'आंटी, आप पे बहुत अच्छा लगेगा.' एकदाच म्हणाला, पण घेतली.

२७ जानेवारी, मंगळवार

पोपटांचं दुःख करत बसणाऱ्यांतली मी नाही. अंतरपाट मीच करते आहे. ह्यांचं लग्नातलं धोतर पेटीत होतं, मऊ झालंय. त्यावर कोयऱ्या काढते, ह्यांच्याच वहीतल्या. कोणाला सांगितलेलं नाही. कोणी म्हणेल, गेलेल्या माणसाचं कापड मंगल कार्यात कशाला. आपलं माणूस लग्नाला येणार तर कोणाची परवानगी काढायची?

विजयाने विचारलं, काय शिवताय? उशीचा अभ्रा म्हटलं. ती म्हणाली, एवढा मोठा? म्हटलं, उशी मोठी आहे.

माप ह्यांच्या सदऱ्यावरून घेतलं. सदरा खुंटीला अडकवून समोर उभी राहिले आणि मध्ये कापड धरलं. ह्यांचा चेहरा जिथे यायचा तिथे बरोबर काठ येतो. कडा दुमडून दोन वेळा टीप घातली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हळद कुटायला पाच सवाष्णी आल्या. विजयाने मुसळाला आंब्याची पानं बांधली. गाणी झाली. मला कोणी बाजूला हो म्हटलं नाही. मीच चाळणी शोधायला आत गेले. ती हातात होती, तरी बराच वेळ सापडली नाही.

आतून ऐकू येत होतं. विजयाला सगळी गाणी पाठ आहेत, पण तिसऱ्या कडव्यात ती चुकते. आत कोणी विचारायला आलं असतं तर सांगितलं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार, पहाटे साडेपाच

पांढरट साडी नेसले. मोरपिशी पिशवीत घेतली आहे. पिशवी हातातच ठेवायची, शोधाशोध नको. ऐन वेळी बदलायला वधूपक्षाची खोली स्टेजच्या मागे आहे, काल जाऊन पाहून आले. सहा मिनिटं लागतात.

संध्याकाळ

झालं. स्नेहल गेली. ठराव पाळला, रडले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला हात उठत नव्हता. क्रमाने लिहिते.

अंतरपाट धरला. प्रणवच्या डोळ्यांपुढे नेला तर खालून स्नेहलचं तोंड उघडं पडे, स्नेहलपुढे आणला तर वरून प्रणवचं. मी आणि हे एका उंचीचे होतो, हे मापाच्या वेळी लक्षात राहिलं नाही. गुरुजी म्हणाले, 'नवरदेव, आता तुम्हीच डोळे मिटा, कापडाच्या हातात काही नाही.' सगळा हॉल हसला. प्रणवने खरंच डोळे मिटले. मुलगा चांगला आहे.

मग गुरुजी म्हणाले, कन्यादानाला बसणाऱ्यांनी पुढे यावं. हे विचारणं धरावं की नाही याचा मी विचार करत होते. इतक्यात विजयाने वळून माझ्याकडे पाहिलं. चांगलं थांबून पाहिलं. मी ठरवल्याप्रमाणे मान खाली घातली, कारण लगेच पुढे सरकणं बरं दिसत नाही. मनात म्हटलं, आता म्हणेल, वयनी, चला.

मान वर केली तेव्हा भावजी पाटावर बसलेले होते. विजया गुडघे धरून बसत होती. तिच्या निऱ्या दुमडल्या, त्या भावजींनी बसल्या बसल्या वाकून नीट केल्या. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. विजयाच्या हातावर स्नेहलचा हात होता, त्यावर पाणी पडत होतं. पाणी सांडू नये म्हणून कोणीतरी जवळ असायला हवं, एवढ्याचसाठी उभी राहिले.

भाग्येश दिवसभर कोणाशी एक शब्द बोलला नाही. काळा शर्ट, मांजरासारखा फिरत होता. मला आत या म्हणणारं कोणी नव्हतं. पण मी आतच होते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

फोटोंची लिंक आली. चौदाशे फोटो! स्नेहलच्या जुन्या मोबाइलवर दुपारभर पाहत होते. मी त्र्याहत्तर फोटोंत आहे. निमेशने एकदा घेतली होती, तीही विजयाच्या सांगण्यावरून. इथे कोणी न बोलावता त्र्याहत्तर. कॅन्डिड निवडला हे योग्यच झालं. मी पहिल्यापासून म्हणत होते.

चेहरा थोडा ओढल्यासारखा दिसतो. हॉलमध्ये उजेड खालून येत होता. पिशवीसुद्धा सगळ्या फोटोंत आहे, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. कोणाला वाटेल आत आहेराची पाकिटं आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

विजया फोटो बघायला आली. भावजींना कन्यादानाचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा आहे, तो निवडायला. मोबाइल तिच्या हातात दिला हे चुकलं. तिच्या सुनेने तिला दोन बोटांनी फोटो मोठा करायला शिकवलं आहे.

मोठा केला आणि हसायला लागली. 'वयनी, ह्या तुमी बगा! माज्या मानेकडं अशा बगताय, जशी मी तुमच्या दोरीवरची सुकट उचलून पळाले.' मी म्हटलं, उजेड खालून होता. 'उजेड खालून, डोले वरनं!' डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुढचा फोटो, त्यातही मी. पुढचा, त्यातही. प्रत्येकात मी तिच्याकडे बघते आहे. निऱ्यांकडे, बांगड्यांकडे, हातावरच्या पाण्याकडे.

एका फोटोशी ती थांबली आणि हसायची बंद झाली. त्यात मी तिच्याकडे बघत नाही. भावजींच्या पाठीकडे बघते आहे. मागून भावजी अगदी ह्यांच्यासारखे दिसतात, मानेखालचा तो खळगासुद्धा. विजयाने ते बघितलं. फोटो पुन्हा लहान केला.

मग म्हणाली, 'वयनी, तुमाला बसायचा होता?'

मी म्हटलं, मला तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही.

'तिसऱ्यांदा?' ती माझ्याकडे बघतच राहिली. 'वयनी, आमी काय लाडू वाढत होतो, का फोटोला बोलवत होतो? तुमी पोरीला नाय म्हनलात, मना नाय म्हनलात. मना वाटला, नाय म्हंजे नायच. पुन्हा पुन्हा विचारून तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवाचा, म्हनून गप बसले. आजून दोन जिने चढाला येत नाय मना, त्या पाटापायी.'

ती निघताना म्हणाली, 'पोरगी हळदीच्या दिशी माज्याकडं येऊन रडली. म्हनाली, आईला माज्या लग्नात बसायचाच नाय काय? मी सांगला, तिला बाबाची आठवन येते म्हनून.'

हे तिने मला सांगायची काही गरज नव्हती. विजयाला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. दोन आठवडे ठेवली, तो भाग वेगळा.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. प्रश्न माझ्या वागण्याचा नाही. प्रश्न एका मागे उभ्या असलेल्या बाईमुळे चांगले फोटो बिघडण्याचा आहे. भावजींच्या दिवाणखान्यात तो फोटो आयुष्यभर राहणार. येणारा जाणारा दोन बोटांनी मोठा करू शकत नसला, तरी तो फोटो मुळातच मोठा असणार आहे.

भाग्येशला फोन केला. नवरीच्या घरून बोलतेय म्हटलं. कन्यादानाच्या फोटोत मागे पांढरट साडीतली बाई आहे, पिशवीवाली, ती काढता येईल का? तो म्हणाला, 'येईल ना काकू. पण त्या कोण आहेत? फॅमिलीतल्या असतील तर नंतर लोक भांडायला येतात.'

म्हटलं, दूरच्या आहेत.

'मग अल्बममधूनपण काढू का? त्या खूप फोटोंत येतायत. सॉफ्टवेअर चेहरा ओळखून आपोआप बाजूला करतं.'

पहिल्यांदा मी म्हटलं, नको, असू देत. वाटलं, तो पुन्हा विचारेल. तो म्हणाला, 'ओके.' फोन ठेवतोय असं वाटलं तेव्हा घाईने म्हटलं, काढा, काढा.

निर्णय पटकन घेता येतो मला.

११ मार्च, बुधवार

अल्बम स्नेहलकडे पोचला. तिचा फोन आला. आई, अख्ख्या अल्बममध्ये तू एकदाही नाहीस. मी भाग्येशला आत्ता झापते. म्हटलं, त्याला काही बोलू नकोस, त्याची चूक नाही, मी त्या दिवशी सारखी कामात होते. ती म्हणाली, बरं.

दुपारी भावजींकडे गेले. फोटो लावला आहे. मोठा, सोनेरी चौकट. भावजी, विजया, स्नेहल, प्रणव, मध्ये पाण्याची धार. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न. मी उभी होते तिथे आता मांडवाचा पडदा आहे. पडद्याला चुण्याही बरोबर पडल्यात. काम सफाईदार आहे, ह्यांनाही आवडलं असतं.

विजयाने चष्मा लावला, जवळ जाऊन पाहिलं. म्हणाली, 'वयनी, तुमी हितं उभ्या होत्या ना? माज्या मागं? तुमचा श्वास लागत होता माज्या मानेला.'

मी म्हटलं, नाही, तेव्हा मी आचाऱ्याकडे गेले होते.

'पोरीच्या कन्यादानाला? आचाऱ्याकडं?'

म्हटलं, मसालेभातातलं मीठ बघायचं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मीच सांगितलं, मीठ बरोबर होतं.